जुन्या कॅमेऱ्यांचे फोटो (भाग 5) : एका सेंटिमीटरचा खेळ

मागच्या भागात उजेडाचा विचार झाला. आता डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत पुढून मागे किती पट्टा स्पष्ट उमटतो ते.

कित्येक मराठी घरांच्या माळ्यावर आजही सापडणारा आगफा क्लिक थ्री घ्या. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेल्या या कॅमेऱ्यात 120 ची फिल्म बसे, 6 बाय 6 सेंटिमीटरचे 12 फोटो निघत. फोकस कायमचा ठरलेला, छिद्र बारीक. भाजे लेण्यांसमोर ग्रुप फोटो काढला तर माणसंही स्पष्ट यायची आणि मागची कमानही. पार्श्वभूमी धूसर करणं त्याला जमणारं नव्हतंच. आज त्याचाच फोटो काढताना मात्र अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, सताड उघडलं जातं.

त्याचा हिशेब असा. फुल-फ्रेम कॅमेरा, 50 मिलिमीटरची लेन्स, अंतर अर्धा मीटर. एफ 1.8 वर, म्हणजे मोठ्या छिद्रावर, स्पष्ट पट्टा मिळतो जेमतेम 1 सेंटिमीटरचा. लेन्सच्या कडेवरची अक्षरं कोरीव दिसतात, पण बॉडीचा आकार विरघळतो. एफ 8 वर, म्हणजे बारीक छिद्रावर, तोच पट्टा 4 सेंटिमीटरच्या पुढे जातो.

याशिकासारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात आणखी गंमत आहे. भिंगं एकाखाली एक असल्यामुळे कॅमेरा डावी-उजवीकडे वळवला तरी दोन्ही सारख्याच अंतरावर राहतात. पण फोटो वरून, तिरका घेतला की वरचं भिंग लखलखीत आणि खालचं धूसर!

सपाट चित्राची नक्कल करताना हाच नियम उलट्या बाजूने पाळावा लागतो. लोणावळ्याजवळच्या मळवलीला राजा रविवर्मांचा छापखाना होता. दादासाहेब फाळके यांनी 1906 च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला आणि रविवर्मांच्या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं, म्हणजे चित्राचा फोटो घेऊन छपाईचं, काम केलं. अशा कामात चित्र आणि कॅमेरा तंतोतंत समांतर लागतात. जरा कललं तर एक कड मऊ पडते. कॅमेऱ्याची दर्शनी पाटी पूर्ण स्पष्ट हवी असेल, तर आपलाही कॅमेरा तिला समांतरच धरावा.

मावळात पावसाळ्यातला ढगाळ उजेड यासाठी उत्तम. क्रोमवर भगभगीत चमक येत नाही. मात्र उजेड कमी असल्याने एफ 8 वर शटर मंदावतं, तेव्हा ट्रायपॉड हवाच. ऑटोफोकस काचेतल्या खिडकीच्या प्रतिबिंबावर अडकू शकतो, म्हणून स्क्रीनवर चित्र मोठं करून हाताने फोकस अक्षरांवर आणावा. पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर छिद्र उघडण्याआधी जुना कॅमेरा भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे सरकवून पाहावा. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड टाळलेलाच बरा. त्यातली धूसरता सॉफ्टवेअरची असते आणि गळ्यात अडकवायच्या पट्ट्याच्या कडीभोवती ती हमखास चुकते.

या आठवड्यात एकच कॅमेरा, एकाच जागी, एफ 1.8, 4 आणि 8 वर टिपून तिन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा. पुढच्या भागात : दमट हवेत भिंगाला धरणारी बुरशी.