पऱ्हाटीची पानगळ: यंत्राने वेचणीआधीचा फवारा कधी मारायचा, कधी नाही



वेचणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोमागचा दर परवडत नाही. म्हणून दाट लागवडीच्या पऱ्हाटीत यंत्राने वेचणी करायचं बऱ्याच जणांनी मनावर घेतलंय. त्यासोबत "पानं गाळायचं औषध कोणतं मारू?" हा प्रश्न रोज येतोय. औषधाच्या नावाआधी ते काम कसं करतं ते समजून घ्या. हा फवारा एकदा मारला की पीक तिथंच संपतं.

यंत्राला पान आणि कापूस यातला फरक कळत नाही. हिरवं पान चिरडलं की रुईवर डाग, वाळलेलं पान चुरलं की रुईत कचरा. जिनिंगवर दोन्हीला भाव पडतो. म्हणून यंत्र शेतात येईल तेव्हा पान जमिनीवर *गळून पडलेलं* हवं, झाडावर वाळलेलं नको.

देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पान जोमात असतं तोवर ते ऑक्सिन नावाचं संजीवक पुरवत राहतं आणि थर घट्ट राहतो. पान म्हातारं झालं की ऑक्सिन घटतं, इथिलिन वाढतं, थरातल्या पेशींची पकड सुटते आणि देठ निखळतो. थिडायाझुरॉन हेच काम लवकर घडवून आणतं. पण हे काम जिवंत पानच करू शकतं! पान झटक्यात मेलं तर थर सुटायला वेळच मिळत नाही, ते करपून जागेवरच लटकतं. म्हणून पॅराक्वाट मारून पऱ्हाटी वाळवायचा 'स्वस्त उपाय' कुणी सांगितला तर ऐकू नका. काही पानगळ औषधांत थिडायाझुरॉनसोबत डाययुरॉन असतं, ते मुळात तणनाशकच आहे. मात्रा वाढवली, त्यात कडक ऊन असलं, की पान गळण्याऐवजी करपतं. लेबलवर कापूस पीक आणि पानगळ हे दोन्ही छापलेलं असेल तेच औषध घ्या, मात्राही लेबलवरचीच.

ऑलिव्हच्या बागांत अडचण उलटी आहे. तिकडे यंत्राने झाड हलवून फळं पाडतात. फळाचा देठ ढिला व्हावा म्हणून इथेफॉन मारलं तर फळासोबत पानंही गळतात आणि पुढच्या बहराला फटका बसतो. आपल्याला पुढच्या बहराची काळजी नाही, आपली काळजी आहे न फुटलेल्या बोंडांची.

पान गेलं की बोंडाचं पोसणं थांबतं. कोवळं बोंड असेल तर धागा कच्चा, वजन कमी, कवडी जास्त. म्हणून तारीख बघून फवारा नको, बोंडं मोजून हवा. साधारण ६० टक्के बोंडं फुटलेली असावीत. धुऱ्यावरची झाडं सोडून शेतात चार-पाच ठिकाणी मोजा. दुसरी खूण: खोडालगतचं सगळ्यात वरचं तडकलेलं बोंड ज्या फांदीवर आहे, तिच्यापासून वर मोजत वेचण्याजोग्या शेवटच्या बोंडाच्या फांदीपर्यंत जा. चार किंवा कमी फांद्या निघाल्या तर हरकत नाही. शेवटी वरचं एक हिरवं बोंड चाकूने आडवं कापा. कापताना जड गेलं, धागे ओढले गेले, सरकीची साल तपकिरी आणि आत पाणचट गर नाही, तर बोंड तयार आहे. सहज कापलं गेलं तर थांबा.

औषध झाडात फारसं फिरत नाही, जिथं पडेल तिथंच काम करतं. खालची पानं भिजतील इतकं पाणी वापरा. पुढच्या २४ तासांत पावसाची शक्यता असेल तर मारू नका. रात्रीची थंडी वाढली की पानगळ रेंगाळते, तेव्हा फार उशीरही नको.

यंत्राची तारीख पक्की झाल्याशिवाय पंप भरू नका. फवाऱ्यानंतर साधारण १० ते १४ दिवसांत वेचणी व्हायला हवी. ओल असलेल्या जमिनीत उशीर झाला तर नवी पालवी फुटते आणि पुन्हा हिरवे डाग. हाताने वेचताना आपण सकाळी दवात वेचतो, म्हणजे पाला चुरत नाही. यंत्राला मात्र कापूस कोरडा लागतो, दव उडाल्यावरच यंत्र घाला.

सगळ्यात महत्त्वाचं, पऱ्हाटीत तुरीचे तास असतील तर हा फवारा तुमच्यासाठी नाही. तूर त्या वेळी फुला-शेंगात असते, तिची पानंही जातील. शेजाऱ्याची तूर लागून असेल तर वारा बघा, त्याला आधी सांगा. फवारलेल्या शेतात शेळ्या-गुरं चारू नका. पंप नीट धुतल्याशिवाय हरभऱ्यावर वापरू नका.

हाताने वेचणार असाल तर हा खर्च बहुतेकांनी करू नये, वेचे आपोआप निघतात. फरदड ठेवायचा विचार असेल तर तो सोडा, गुलाबी बोंडअळीला तेच हवं असतं.

पुढच्या हंगामात यंत्र वापरायचं असेल तर तयारी पेरणीपासून हवी. झाड बुटकं आणि एका दमात फुटणारं लागतं. त्यासाठी पात्या लागल्यापासून मेपिक्वाट क्लोराईड देतात, त्याने कांड्या आखूड राहतात. पावसाने ताण दिलेल्या पिकावर ते मारायचं नाही, वाढ आधीच थांबलेली असते. त्याबद्दल पेरणीआधी वेगळा मेसेज येईल.

आता बोंड कापल्याचा फोटो काढा, मोजलेल्या बोंडांचा आकडा आणि शेतात तूर आहे की नाही एवढं लिहून ग्रुपवर टाका. उत्तर आल्यावरच औषध घ्या.