गच्चीवरचा भाडेकरू

मोबाइलला रेंज नसली की आपण शिव्या कुणाला घालतो? ज्याचं सिम, त्याला! पण बॉस, ज्या टॉवरवरून तुमचा फोन चालतो, तो बरेचदा त्या कंपनीचा नसतोच. टॉवर उभारून भाड्याने देणं हा एक वेगळाच धंदा आहे.

फंडा सोप्पा आहे. चार बॅचलर मिळून फ्लॅट शेअर करतात ना, तस्साच. लोखंडी सांगाडा, बॅटऱ्या, जनरेटर हे सगळं टॉवर कंपनीचं. मोबाइल कंपन्या तिथे आपापले अँटेना लावतात आणि भाडं भरतात. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या भारती, व्होडाफोन आणि आयडियाने २००७ मध्ये मिळून 'इंडस टॉवर्स' काढली, ती याच हिशेबाने. खर्च वाटला जातो, म्हणूनच कॉल स्वस्त पडतो. पुढे जिओचे टॉवर २०२० मध्ये आणि 'अमेरिकन टॉवर'चा भारतातला पसारा २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रुकफील्डकडे गेला.

हे सगळं सांगतेय, कारण हा विषय कधी ना कधी तुमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये येणारच. आमच्याकडे आला तेव्हा सरळ दोन तट पडले. 'मेन्टेनन्स सुटेल' म्हणणारे सेक्रेटरीकाका आणि 'रेडिएशनचं काय?' विचारणाऱ्या टॉप फ्लोअरच्या काकू. दोघांचंही बरोबर होतं, पण कागद कुणीच वाचला नव्हता.

तुम्ही वाचा. रेडिएशनची भारतातली मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. टॉवर ती पाळतोय का, हे पाहता यावं म्हणून दूरसंचार खात्याने २०१७ मध्ये 'तरंग संचार' पोर्टल सुरू केलं. बिल्डिंग जुनी असेल तर हा बोजा तिला झेपेल का, ते आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. मोबाइल टॉवरवर प्रॉपर्टी टॅक्स लावता येतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं होतं, पण नंतरच्या कायद्याने हे चित्र बदललंय. तरीही असा काही टॅक्स आलाच, तर तो कोण भरणार, हे करारात हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उद्या त्याच टॉवरवर दुसरी, तिसरी मोबाइल कंपनी आली, तर तुमचं भाडं वाढणार की वरकमाई फक्त टॉवरवाल्याची?

नको वाटलं तर बिनधास्त 'नाही' म्हणा. फक्त, असलेला टॉवर काढायचा असेल तर एक लक्षात ठेवा. त्याच्यावर तीन कंपन्या असतील, तर रेंज तिघींची एकदम जाऊ शकते. मग सिम बदलूनही फायदा नाही!