शेवटची गाडी

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही पेट्रोल पंपावर जमतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘आज शेवटी कोण?’ पुढे कोण जाणार हे नंतर ठरतं. नव्या मुलांना याचं नवल वाटतं. सुरुवातीच्या काळात आम्हालाही वाटलं असतं, कारण तेव्हा शेवटी कोण आहे याची कुणी चौकशीच करत नसे. जो मागे राहिला तो शेवटचा, एवढाच हिशेब.

पहिली राइड १९९८ च्या दिवाळीनंतरची. अकरा गाड्या होत्या : पाच बुलेट, चार येझ्दी, दोन आरएक्स १००. येझ्दीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला होता आणि आरएक्स १०० सुद्धा त्याच वर्षी थांबली होती. म्हणजे अकरापैकी सहा गाड्या अशा, की ज्यांचा सुटा भाग हवा तर नाना पेठेत दुकानं पालथी घालायची. रस्ता तेव्हा ठरला तो आजतागायत बदललेला नाही. कात्रजचा जुना घाट, खेड शिवापूर, कापूरहोळला महामार्ग सोडून भोर, तिथून आंबाडखिंड चढून मांढरदेवी, खाली वाई, मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर तासभर विसावा, आणि सुरूर फाट्यावरून परत. पौष महिना मात्र वगळायचा. काळूबाईच्या यात्रेत त्या घाटात वीस मोटारसायकली घालणं म्हणजे चालत निघालेल्या माणसांना त्रास.

त्या पहिल्या वर्षांत निघण्याआधीचा अर्धा तास नुसता गाड्या सुरू करण्यात जायचा. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला घाई चालत नसे. किक हळूहळू दाबत न्यायची, पाय अडला की डावीकडचा डिकॉम्प्रेसरचा लहानसा लिव्हर ओढायचा, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आला की लिव्हर सोडून किक वर घ्यायची, आणि मग सगळं वजन एका पायावर टाकून एकच पूर्ण मार. जमलं तर इंजिन संथ ठोक्यात लागायचं, चुकलं तर किक उलटी येऊन पोटरी सुजायची. येझ्दीवाल्यांचं दुखणं वेगळं. टू-टी ऑइल जरा जास्त पडलं की भोरच्या अलीकडेच प्लग काळा व्हायचा. मग रस्त्याकडेला बसून पॉलिश पेपरने प्लग घासायचा. बाकीचे तोवर भाताच्या खाचरांच्या बांधावर पाय सोडून बसलेले. घाई नव्हती असं आज आम्हीच म्हणतो, पण ते पूर्ण खरं नाही. एकदा गाड्या लागल्या, की चढावर कोण आधी पोचतो याची चुरस असायचीच.

त्या चुरशीचा हिशेब २००६ च्या डिसेंबरमध्ये चुकता झाला. एव्हाना गाड्या बदलल्या होत्या. बटण दाबलं की सुरू होणाऱ्या, १५० आणि १८० सीसीच्या, वळणावर अलगद झुकणाऱ्या. गाड्या वीसवर गेल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच आलेला, विशी ओलांडलेला एक मुलगा आमच्या शेवटच्या बुलेटच्या मागे होता. आंबाडखिंडीत एका डाव्या वळणावर वरून वाहून आलेली बारीक खडी पसरली होती. आमच्यातल्या जुन्यांना ती माहीत होती, आम्ही गाड्या आतून काढल्या आणि पुढे गेलो. हाताने खूण करायचं कुणाच्या मनात आलं नाही. आम्हाला गाठण्याच्या नादात तो तिथे घसरला. पाय गाडीखाली अडकला. मोबाइल होता, पण घाटात रेंज नव्हती.

आम्ही वर मांढरदेवीला चहा घेत होतो. फोटो काढायला थांबला असेल, असं समजून पाऊण तास घालवला. खाली उतरून पाहिलं तर तो कठड्याला टेकून बसला होता, शेजारी शेळ्या, आणि एक म्हातारं जोडपं. दोघांनी मिळून गाडी उचलून त्याचा पाय सोडवला होता. आजीबाई पदर भिजवून त्याचं ढोपर पुसत होत्या. आम्हाला पाहिल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “वीस गाड्या गेल्या हितनं. एकानंबी मागं वळून बघितलं न्हाई?”

घोट्याचं हाड मोडलं होतं. तीन महिन्यांत तो चालायला लागला. पण परतीच्या वाटेवर कुणी कुणाशी बोललं नाही.

पुढच्या महिन्यात राइड काढली नाही, बैठक घेतली. त्यात आमच्या मिस्त्रींनी जे सांगितलं त्यावर आजही क्लब चालतो. प्रत्येकाने आपल्या आरशात मागच्याचा दिवा धरायचा. दिवा दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर जागा बघून डाव्या कडेला थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याच्या आरशातून तुमचा दिवा जातो, मग तो थांबतो. अशी एकेक गाडी थांबत शेवटी सगळ्यात पुढचाही थांबतो, कुणी फोन न करता. फाट्यावरही तेच : मागच्याने आपला रस्ता धरलेला दिसल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. म्हणून दिवसाही हेडलाइट सक्तीचा, आणि ज्या गाडीला आरसे नाहीत ती घरी. आरसे काढून टाकायची तेव्हा मुलांत फॅशन होती. दोघे-तिघे रुसून गेले. त्यांना जाऊ दिलं ते बरंच केलं.

भरदिवसा दिवे लावून निघालेली रांग बघून गावोगाव लोक मुठीची उघडझाप करून ‘दिवा चालू आहे’ अशी खूण करायचे. टपरीवरचे, एसटीचे ड्रायव्हर, शाळेची पोरंसुद्धा. दहा वर्षं आम्ही मान हलवून आभार मानत गेलो. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायद्यानेच कायम चालू राहायला लागला, आणि हळूहळू ती खूण नाहीशी झाली. मला तिची चुटपुट लागते. अनोळखी माणूस आपल्या बॅटरीची काळजी करतोय, ही लहान गोष्ट नव्हे.

शेवटची गाडी त्या बैठकीनंतर मिस्त्रींकडेच गेली. सगळ्यात जाणता मेकॅनिक आणि सगळ्यात शांत हात मागे हवा, हे तेव्हा कळलं. त्यांच्या खाकी पिशवीत पायपंप, टायर काढायचे लिव्हर, ट्यूब, सोल्युशन, क्लच केबल, दोन प्लग आणि नायलॉनची दोरी. कुणी मागे पडला तर ते त्याच्या मागे राहायचे, हॉर्न द्यायचे नाहीत, हात करायचे नाहीत. ट्रॉलीला ओव्हरटेक करताना मागच्याला ‘ये’ म्हणून खुणावायचं नाही, हा नियमही त्यांचाच. उसाच्या हंगामात वाईकडून निघालं की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याचशांना मागे लाल पट्टीसुद्धा नाही. “रस्ता ज्याचा त्याने बघायचा. आपल्या हातावर दुसऱ्याने जीव टाकू नये,” असं ते म्हणायचे.

रस्त्याबद्दल लिहायचं तर महामार्ग चौपदरी झाला, मग सहापदरी. खंबाटकीत परतीला बोगदा आला आणि त्यापुढचं एस वळणही, तिथे आम्ही एकामागे एक, हळू जायला लागलो. भोरनंतरचा रस्ता मात्र अरुंद तो अरुंदच, आणि फेब्रुवारी-मार्चला वाईच्या आसपास हळद शिजल्याचा वास हेल्मेटच्या काचेतून आत येतो, तो तस्साच.

२०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-सहा आलं आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. त्याबरोबर ‘रिझर्वला लागली’ हे शब्दही गेले, कारण फिरवायला कॉकच उरला नाही. मिस्त्रींचे गुडघे त्याच सुमारास थकले. पिशवी त्यांनी बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या एका ताईंच्या हातात दिली. त्याआधी पाच वर्षं त्या सलग शेवटून दुसऱ्या गाडीवर होत्या. पायपंपाच्या जागी आता बॅटरीवरचा लहान पंप आहे, ट्यूबऐवजी ट्यूबलेसच्या पट्ट्या. लिव्हर, सोल्युशन, क्लच केबल आणि दोरी तशीच.

गेल्या दिवाळीनंतरच्या राइडला नीरेच्या खोऱ्यात दाट धुकं होतं. आंबाडखिंडीत, त्या खडीच्या वळणाच्या जरा वर, माझ्या आरशातला दिवा गेला. मी डावीकडे घेऊन थांबलो. पुढची गाडी थांबली, तिच्या पुढची थांबली. इंजिनं बंद झाल्यावर खालच्या ओढ्याचा आवाज येऊ लागला. बराच वेळ गेला. मग धुक्यातून एकेक दिवा वर यायला लागला. मी सवयीने मोजत होतो. सगळ्यात शेवटी ताईंचा दिवा यायला हवा होता, पण त्यांच्या पुढे एक मिणमिणता पिवळा दिवा होता. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेली एम-ऐंशी. खाली पंक्चर होऊन थांबली होती. ताईंनी पंक्चर काढून दिलं होतं आणि आता घाट संपेपर्यंत तिच्या मागे राहिल्या होत्या.