फोटोच्या मागे नाव लिहा

हल्ली जुन्या फोटोंना चांगले दिवस आले आहेत. कुणीतरी माळ्यावरची पेटी उघडतो, फोटो मोबाईलवर टाकतो आणि तासाभरात तो नागोठण्यापासून नालासोपाऱ्यापर्यंत फिरून येतो. आंबा नदीवरचा जुना दगडी पूल, खाडीत उभी असलेली गलबते, कौलारू बाजारपेठ, पाण्याने भरलेली भाताची खाचरे, धुळीच्या सडकेवरून जाणारी बैलगाडी. खाली लिहिलेले असते, "किती सुंदर होते आपले गाव!" मग जो तो हळहळतो.

आम्हालाही हे फोटो पाहायला आवडतात. आमचेही बालपण याच खाडीच्या वाऱ्यावर गेले आहे. परंतु दर वेळी एकच प्रश्न मनात येतो. 'आपले गाव' यातला 'आपले' हा शब्द कुणाचा? पूल दिसतो, पेठ दिसते, देऊळ दिसते, मशीद दिसते, खोताचा वाडा दिसतो. मग आमचा महारवाडा कुठे आहे? कातकरवाडी कुठे आहे? त्या गावात नव्हत्या काय? होत्या. इतक्या जवळ होत्या की हाक मारताच माणूस राबायला हजर झाला पाहिजे, आणि इतक्या लांब होत्या की कुणाच्या फोटोत त्यांचे छप्पर येऊ नये. गावकुसाने जे अंतर ठेवले तेच कॅमेऱ्यानेही पाळले.

नागोठण्याचा जुना पूलच घ्या. तो सोळाव्या शतकात चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधला, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरात आहे. बांधणाऱ्या धनिकाचे नाव चारशे वर्षे टिकले. पण ज्यांनी दगड फोडला, चुना मळला, भरतीच्या पाण्यात उभे राहून पाया घातला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या नोंदीत नाही. इतिहास असाच लिहिला जातो. ज्याच्या हातात पैसा त्याचे नाव, ज्याच्या हातात पहार तो 'मजूर'.

नागोठणे हे जुने बंदर. मोटारी येण्यापूर्वी मुंबईचे साहेब लोक बोटीने इथे उतरत आणि महाड, पोलादपूरमार्गे महाबळेश्वरच्या थंड हवेला जात. साहेब पालखीत बसे. पालखीला खांदा भोयांचा लागे, आणि सरकारी माणसाचे ओझे एका गावाहून दुसऱ्या गावाला पोहोचवण्याची वेठ गावच्या महारावर पडे. वतनाच्या गोड नावाखाली ही गुलामगिरी चाले. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले. साहेबांनी आपल्या प्रवासाची वर्णने लिहिली, डोंगरांची चित्रे काढली. ओझे वाहणाऱ्याने काय लिहावे? त्याला तर अक्षरच बंद होते.

आता त्याच सडकेची दुसरी गोष्ट सांगतो. डिसेंबर १९२७. महाडला सत्याग्रह परिषद भरायची होती. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्याल्याबद्दल आपल्या लोकांनी डोकी फोडून घेतली होती. मुंबईहून महाडला जायची जवळची वाट म्हणजे बोटीने धरमतर आणि तिथून नागोठण्यावरून मोटारीने. परंतु बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी या वाटेने गेले नाहीत. २४ डिसेंबरला ते 'पद्मावती' बोटीत बसले आणि लांबच्या दासगाव बंदराला उतरले. का? कारण मोटारवाल्यांनी ऐनवेळी बहिष्कार टाकला तर धरमतरहून महाड पायी गाठणे शक्य नव्हते. दासगावहून पाच मैल चालत जाता येत होते. दुसऱ्या दिवशी ते चालतच महाडला पोहोचले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

त्या काळातल्या या सडकेचा एखादा फोटो समोर आणा. दोन्ही बाजूंना झाडी, एखादी मोटार, मागे डोंगर. पाहणारा म्हणेल, काय निवांत रस्ता होता! पण त्या रस्त्यावर आपल्या माणसाला गाडीत जागा मिळेल याची खात्री नव्हती. ही गोष्ट फोटो सांगत नाही. ती आपल्याला ठाऊक आहे, कारण आपल्या माणसांनी ती लिहून ठेवली. ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे पहिल्या महाडनंतर दोन आठवड्यांत, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. दुसऱ्यांची वर्तमानपत्रे आपली बाजू छापणार नाहीत हे त्यांनी ओळखले होते. परिषदेसाठी गावात कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. ते नाव आज आपण आदराने घेतो. का घेऊ शकतो? कुणीतरी ते टिपून ठेवले म्हणून.

कॅमेरा खोटे बोलत नाही असे म्हणतात. हे अर्धे खरे आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. तिच्यातल्या विल्यम जॉन्सन या इंग्रजाने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली छापले. त्यात माणसांचे फोटो एकीकडे काढून दुसऱ्याच जागेच्या फोटोवर जोडलेले आहेत. माणूस खरा, जागा खरी, पण तो माणूस त्या जागी उभा नव्हताच! पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड काढले. त्यात देशभरचे लोक जातीजमातीप्रमाणे लावले. फोटोखाली जातीचे नाव आणि तिच्या स्वभावाचा शेरा. बहुतेकांना स्वतःचे नाव नाही. मनूने जे पोथीत केले तेच साहेबाने काचेवर केले.

हे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग या सरकारी छायाचित्रकार बाईने एका शेतमजूर आईचा फोटो काढला. कडेवर तान्हे मूल, दोन्ही खांद्यांवर दोन मुलांची डोकी. तो फोटो जगभर गाजला. पण त्या बाईचे नाव फ्लोरेन्स थॉम्पसन होते आणि ती मूळची आदिवासी चेरोकी वंशाची होती, हे जगाला कळले १९७८ साली. बेचाळीस वर्षे ती जगासाठी फक्त 'स्थलांतरित आई' होती. गरिबाचा चेहरा सगळ्यांना हवा असतो, त्याचे नाव कुणी विचारत नाही.

कुणी म्हणेल, पोटाचे प्रश्न सोडून हे फोटोंचे काय घेऊन बसलात? आमचे म्हणणे असे की हा पोटाचाच प्रश्न आहे. नागोठण्याच्या परिसरातल्या कित्येक शेतांवर १९८० च्या दशकात पेट्रोकेमिकल कारखाना उभा राहिला. तेव्हा तो सरकारी आयपीसीएलचा होता. २००२ साली सरकारने त्यातला मोठा हिस्सा रिलायन्सला विकला. ती शेते आता फोटोतच पाहायची. जमीन संपादन होते तेव्हा मोबदला सातबारावरच्या नावाला मिळतो. ज्याने खोताच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या लावणी केली, बांध घातला, पण ज्याचे नाव कधी कागदावर चढलेच नाही, त्याने कुठला पुरावा दाखवायचा? खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधिमंडळात बिल आणले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. त्या मोर्चात कोकणातले कुणबी होते, महार होते, आगरी होते. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवून संप केला, त्यालाही बाबासाहेबांचा पाठिंबा होता. हिरव्यागार शेताच्या जुन्या फोटोत ही लढाई दिसत नाही. पीक दिसते, अर्धा वाटा उचलून नेणारा खोत दिसत नाही.

आता आमच्या घरातला फोटो सांगतो. आमचे आजोबा परळच्या गिरणीत होते. त्यांनी तीसच्या दशकात मुंबईच्या एका स्टुडिओत दोघा मित्रांबरोबर फोटो काढला. तिघांच्या अंगात कोट, बहुधा स्टुडिओतलेच. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग, कारंजे आणि संगमरवरी कठडा. आमच्या बौद्धवाडीत तेव्हा विहिरीला कठडा नव्हता! पण आम्हाला त्या पडद्याचे हसू येत नाही. जॉन्सनने दुसऱ्यांच्या मागे आपल्या मनाची जागा चिकटवली. आमच्या आजोबांनी आपली जागा आपण निवडली. अमेरिकेत गुलामगिरीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस मुद्दाम वारंवार फोटो काढून घेई, कारण काळ्या माणसाची थट्टा करणाऱ्या चित्रांना त्याला आपल्या ताठ मानेने उत्तर द्यायचे होते. बाबासाहेबांच्या कोट-टायचा अर्थ आपल्या समाजाला कुणी शिकवावा लागला नाही. तो आजोबांना स्टुडिओत शिरतानाच कळला होता.

त्या फोटोतले एक आजोबा, दुसरे त्यांचे मावसभाऊ. तिसरा कोण? आमच्या आत्याला विचारले. ती बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हे महाडला गेले होते बाबांबरोबर. तळ्यावर. नाव ओठांवर आहे रे, पण येत नाही." फोटो उलटून पाहिला. मागे कोरे. पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली. महाडच्या तळ्यावर गेलेला एक माणूस आमच्या भिंतीवर उभा आहे आणि आम्हाला त्याचे नाव माहीत नाही. हा दोष आम्ही प्रस्थापितांवर ढकलू शकत नाही. हा आमचा आहे.

चळवळीत हे काम करणारे झाले नाहीत असे नाही. चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्यभर कागद जमवून बाबासाहेबांचे चरित्र खंडाखंडाने लिहिले. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे संपादित केली. कल्याणचे विजय सुरवाडे यांनी बाबासाहेबांचे दुर्मिळ फोटो आणि पत्रे शोधून सांभाळली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन गाठले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. नाहीतर त्या स्त्रिया फोटोत 'अमक्याची बायको' म्हणूनच राहिल्या असत्या. ही माणसे विद्यापीठाच्या अनुदानाची वाट पाहत बसली नाहीत.

मार्च २०२७ मध्ये महाडला शंभर वर्षे होतात. कमानी उभ्या राहतील, भाषणे होतील. त्याआधी रायगडातल्या प्रत्येक बौद्धवाडीने एवढे करावे. घरातले जुने फोटो एका रविवारी विहारात आणावेत. सर्वांत वयस्कर माणसांना मध्ये बसवावे आणि एकेका चेहऱ्याचे नाव विचारावे. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, नाव, गाव, साल आणि प्रसंग लिहावा. बॉलपेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते, म्हणून ते वापरू नये. बाईचे नाव तिचे स्वतःचे लिहावे. साल नक्की माहीत नसेल तर 'अंदाजे' लिहावे, खोटे लिहू नये. फोटो लॅमिनेट करू नयेत, डिंकाने चिकटवू नयेत, आपल्या दमट हवेत पत्र्याच्या पेटीत कोंडू नयेत. मोबाईलने दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि सगळ्याची एक वही विहारात ठेवावी. कातकरवाडीतल्या, मोहल्ल्यातल्या, कुणबी-आगरी घरांतल्या लोकांनाही बोलवावे. गाव त्यांचेही आहे.

आमच्या भिंतीवरचा तिसरा माणूस अजून निनावी आहे. त्याचाच फोटो तुमच्या पेटीत असेल, कदाचित मागे नावही असेल. पेटी उघडून पाहा.

जयभीम!