वाकळ, सुई आणि मधलं बोट

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रॉलीत भांडी, धान्य, शेळ्या, लेकरं असतात आणि सोबत वाकळांचे, म्हणजे गोधड्यांचे, गठ्ठे. फडाशेजारच्या कोपीत पौष-माघाची थंडी याच वाकळांवर काढावी लागते. वाकळेच्या उबेवर, तिच्या रंगीबेरंगी ठिगळांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं. ती शिवणाऱ्या बोटाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

खरा भार त्या बोटावरच असतो. जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक पसरायच्या, जमिनीवर ताणून घ्यायच्या आणि जाड सुती दोऱ्याने कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत जायचं, ही वाकळेची रीत. सुईचं टोक कापडात शिरतं ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून. पण चार-पाच थरांतून तिला पुढे रेटतं ते मधलं बोट. सुईचं नेढं प्रत्येक टाक्याला त्याच एका जागी रुततं. नऊवारी लुगड्याचा काठ मध्ये आला की जोर आणखी वाढतो. त्यात आता घरोघरी पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्यांचं विणकाम घट्ट आणि पोत निसरडा. मऊ झालेल्या सुती लुगड्यातून सुई जितकी सहज जायची तितकी ती यातून जात नाही. साड्या बदलल्या, तसा बोटावरचा ताणही वाढला.

हे हात मुळातच सुखरूप नसतात. गाळप हंगाम संपवून बाया गावी परततात तेव्हा कोयत्याने तळहाताला घट्टे पडलेले असतात आणि उसाच्या पाचटाने बोटं चिरलेली असतात. पुढे उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या आधी, वाकळा शिवायला काढायच्या. अशा बोटाला सुईचं नेढं टोचू लागलं की काम थांबत नाही. बाई फडक्याची चिंधी गुंडाळते आणि पुढचा टाका घालते.

चिंधीच्या जागी खरं तर बोटाची टोपी, म्हणजे अंगुस्तान, हवी, पण तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. संत नामदेव शिंपी होते. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत आणि त्यांतल्या एका पदात मन, जीभ आणि भक्ती यांसाठी गज, कातर, सुई, दोरा अशी शिंपीकामाची अवजारं आली आहेत. बोटाच्या टोपीला त्यात जागा नाही. घरच्या शिवणाच्या डब्यातही बहुधा तिला जागा नसते. शिंपीदादा अंगुस्तान वापरतात, पण घरी वाकळ शिवणारीला ते क्वचितच कोणी आणून देतं.

बाजारात अंगुस्तानाचे प्रकार बरेच आहेत. सर्वांत ओळखीची ती टोक बंद असलेली धातूची टोपी, अंगभर बारीक खळगे असलेली. नेढं त्या खळग्यात अडकतं आणि घसरत नाही. ती बोटाच्या शेंड्याने सुई रेटणाऱ्यांसाठी ठीक. पण वैशाखाच्या उन्हात बंद टोपीत घाम साचतो आणि नख थोडं वाढलेलं असेल तर ते दाबलं जातं. पितळेने घामट बोटावर हिरवा डाग पडतो. निकेलचा मुलामा असेल तर काहींच्या कातडीला खाज सुटते. चांदी दिसायला देखणी, पण मऊ. पोलादी सुई तिला भोक पाडते. म्हणूनच इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नर यांनी चांदीच्या आत पोलादाचा थर घातलेल्या टोपीचं पेटंट 1884 साली घेतलं. प्लॅस्टिकची टोपी स्वस्त आणि हलकी, पण जाड सुईपुढे ती फार दिवस टिकत नाही.

शिंप्यांचं उघड्या तोंडाचं अंगुस्तान मात्र वेगळं. ते बोटाभोवती कड्यासारखं बसतं, शेंडा मोकळा राहतो. सुई रेटायची ती बोटाच्या बाजूने. शेंड्याला कापडाचा स्पर्श कळत राहतो, नखाला त्रास होत नाही आणि हवा खेळते. वाकळेसाठी बंद टोपीपेक्षा हेच उजवं.

जपानमध्ये साशिको नावाचं धावदोऱ्याचं काम आहे. तिथले कारागीर मधल्या बोटाच्या मुळाशी कडं घालतात. कड्याला एक गोल चकती असते, ती तळहाताकडे येते. लांब सुईवर एकदम अनेक टाके चढवायचे आणि सुईचं बूड त्या चकतीने ढकलायचं, असं ते तंत्र. जोर बोटाच्या शेंड्यावर न येता मुळाशी आणि तळहातावर येतो. वाकळेची सुईही लांब आणि टाकाही धावदोऱ्याचाच. त्यामुळे हे कडं आपल्याकडे वापरून पाहण्याजोगं आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही कडेकडून मध्याकडे, जुन्या कपड्यांचीच. म्हणजे या बोटाची अडचण एकट्या बीडची नाही.

कुठलंही अंगुस्तान घ्या, निम्मं सुख मापात आहे. घातल्यावर हात खाली करून झटकावा. ते गळून पडता कामा नये. पण बोट ठणकायला लागलं किंवा निळसर झालं तर माप लहान आहे. उन्हात आणि दिवसभराच्या कामानंतर बोटं किंचित सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घेतलेलं बरं. धातू मानवत नसेल तर मऊ चामड्याची, बोटावर शिवून घेतलेली टोपी चालते. नेढं जिथे टेकतं तिथे चामड्याचा दुसरा थर लावावा. सुई रेटणं जमतं पण ओढताना हात घसरतो, अशी तक्रार असेल तर तर्जनीवर नोटा मोजायला वापरतात तसली रबरी टोपी घालावी. दाताने सुई ओढण्याची सवय मात्र सोडावीच.

हा प्रश्न आरामापुरता नाही. वाकळ जमिनीवर अंथरून शिवतात आणि धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात. सुईची जखम बारीक पण खोल असते, म्हणून ती साबण-पाण्याने लगेच धुवावी आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारावं. मधुमेह असलेल्या आजींची काळजी आणखी घ्यायला हवी. त्यांच्या बोटांची जाणीव कमी झालेली असू शकते, टोचलेलं कळत नाही आणि जखम भरायला वेळ लागतो.

आज गोधडीला शहरात मागणी आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्राच्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं, बचत गटांच्या प्रदर्शनांतून गोधड्या विकल्या जातात, बाळाच्या दुपट्यांना चांगली किंमत मिळते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि त्यात अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. पण अवजार म्हटलं की डोळ्यांपुढे शिलाई मशीन येतं. हाताने शिवणारीचं अवजार तिचं बोट असतं, आणि त्याला लागणारी वस्तू मशीनच्या किमतीपुढे नगण्य आहे.

महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि उमेद अभियानाच्या बचत गटांनी शिवणाचं साहित्य वाटताना लहान-मोठ्या मापांची अंगुस्तानं त्यात घालावीत आणि ती प्रत्येकीच्या बोटाला बसतात की नाही हे तिथेच पाहावं. ज्यांच्या घरी यंदा गोधडी शिवायला टाकायची आहे, त्यांनी कापडाच्या गाठोड्याबरोबर शिवणाऱ्या मावशींच्या मापाचं एक अंगुस्तान द्यावं आणि ते मजुरीतून वळतं करू नये.