जुन्या मोटारीची आखूड दांडी

गोमंतकात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची, रेनो एंजिनाची छोटी मोटार जपणारी हौशी मंडळी आहेत. अशा जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे गिअर झटपट पडावेत म्हणून आखूड फेकीची दांडी बसविण्याचा मोह तरुणांस होतो. दांडी म्हणजे शाळेत शिकलेली तरफच. समजा, टेकूखालचा तिचा भाग ५ सेंटिमीटरांचा ७ केला, तर हाताची १४ सेंटिमीटरांची फेक १० वर येते. पण जेथे १० शेर जोर पुरे, तेथे १४ लागतो! निसर्ग फुकट काही देत नाही.

गिअरपेटीतील पितळी कडी फिरत्या भागांचा वेग जुळवितात. त्यांस क्षणभर अवधी हवा. आमच्या बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना गिअर वारंवार खाली आणावा लागतो. तेथे दांडी रेटली की कडी झिजतात, आणि निर्मिती थांबलेल्या गाडीस सुटे भाग सहज मिळत नाहीत.

म्हणून आधी दांडीच्या बुडाचे झिजलेले बुश बदलून पाहावेत. पुष्कळदा सारी ढिलाई त्यांचीच असते. तरीही आखूड दांडी हवीच असेल, तर बसविल्यावर एंजिन बंद असतानाच मागच्या गिअरसह प्रत्येक गिअर पुरता बसतो की नाही, हे तपासावे, घाट त्यानंतर.