आतले चाक, बाहेरचे चाक

मोटार वळते तेव्हा तिची सगळी चाके सारखे अंतर चालत नाहीत. गोष्ट इतकी साधी आहे, की आपण तिचा कधी विचारही करीत नाही. वरंधा घाटातले एखादे वळण घ्या, जिथे गाडी पार उलट्या दिशेला तोंड फिरवते. डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर त्या एका वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे पावणेपाच मीटर जास्त चालते, म्हणजे जवळजवळ अडीच फेऱ्या जास्त मारते. वळण ऐसपैस असो की अरुंद, हा फरक तेवढाच राहतो. शाळेतल्या भूमितीवर विश्वास नसेल त्यांनी अंगणात दोन अर्धवर्तुळे काढून दोरीने मोजून पाहावीत.

बैलगाडीला याची अडचण कधी आली नाही. तिचे प्रत्येक चाक आसावर मोकळे फिरते. ओढायचे काम बैलांचे. मोटारीचे दुखणे वेगळे आहे. इथे इंजिनानेच दोन्ही चाकांना फिरवायचे आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे. हे कोडे फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्योर या घड्याळजीने १८२७-२८च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी सोडवले. दातेरी चाकांच्या त्या जुळणीला आपण डिफरन्शियल म्हणतो. आजही बहुतेक मोटारींत तीच युक्ती आहे.

या यंत्राचा स्वभाव समन्यायी. फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, ते दोन्ही चाकांना कायम सारखा वाटते. खोट इथेच आहे. एका चाकाखालची जमीन निसरडी असेल, तर ते चाक थोडाच जोर पेलू शकते. आणि वाटणी सारखी असल्यामुळे दुसऱ्या, भक्कम जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. पावसाळ्यात शेताच्या बांधाशी रुतलेला ट्रक आपण सर्वांनी पाहिला आहे. एक चाक चिखल उडवीत गरगर फिरते, दुसरे ढिम्म उभे असते आणि चार माणसे गोणपाट नि दगड शोधत फिरतात.

घरातली चर्चा

हा विषय आमच्या घरी आला तो माझ्या पुतण्यामुळे. माझे थोरले बंधू एसटीत चालक होते. उभी हयात त्यांनी कोकणातल्या घाटांत गाडी चालवली. ते आता नाहीत. मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे आणि त्याने कर्ज काढून एक जोरदार टर्बो मोटार घेतली. पुढच्या चाकांना ओढ देणारी, इंजिनाची ताकद भरपूर. तिला त्याला ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’ बसवायचे होते. मी यंत्र अभियंता, म्हणून सल्ल्यासाठी गाडी माझ्या दारात आली. मागोमाग वहिनी आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “भावजी, याने गाडी जास्त सुरक्षित होते, की जास्त पळते?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. उत्तर देण्यापूर्वी हे यंत्र काय करते ते सांगायला हवे.

ताकदवान गाडी वळणातून बाहेर पडताना चालक ॲक्सिलरेटर दाबतो. त्या वेळी गाडीचे वजन बाहेरच्या बाजूला झुकलेले असते, आतले चाक हलके झालेले असते. समजा, आतले चाक ३०० न्यूटन-मीटर जोर पेलू शकते आणि बाहेरचे ९००. साधे डिफरन्शियल दोघांना ३००-३००च देणार, एकूण ६००. उरलेली ताकद आतले चाक नुसते घसरवण्यात जाते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल दोन चाकांच्या गतीतला फरक वाजवीपेक्षा वाढू देत नाही आणि जोर पकड असलेल्या चाकाकडे वळवते. बाहेरच्या चाकाला आतल्याच्या अडीचपट जोर देणारे यंत्र असेल, तर त्याला ७५० मिळतील, एकूण १०५०. तेच इंजिन, तेच टायर; पण गाडी रेटा घेऊन बाहेर येते आणि आपली वाटही सोडत नाही.

याची गरज आधी शर्यतीत भासली. १९३०च्या दशकात जर्मनीतील ऑटो युनियनच्या, फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेल्या शर्यती गाड्या इतक्या दांडग्या होत्या, की सुसाट वेगातही एक मागचे चाक जागीच घसरत फिरे. त्यांच्यासाठी झेडएफ कंपनीने असे डिफरन्शियल बनवले. पुढे त्याचे अनेक प्रकार झाले. एकात क्लचसारख्या चकत्या असतात. त्या कडक पकडतात, पण झिजतात आणि त्यांना खास तेल लागते. दुसऱ्यात तिरप्या दात्यांचे गिअर असतात. त्यांच्या परस्पर दाबानेच जोर इकडून तिकडे जातो. झीज अगदी कमी, आवाज नाही. मात्र आतले चाक पूर्ण हवेत उचलले गेले, तर हा प्रकार हतबल होतो, कारण शून्याची अडीचपटही शून्यच. बऱ्याच नव्या मोटारींत संगणक घसरणाऱ्या चाकाला हलकासा ब्रेक लावून तसाच परिणाम साधतो. खर्च वाचतो, पण सतत जोरात चालवल्यास ब्रेक तापतात.

पुतण्याने तिरप्या गिअरचा प्रकार निवडला, इंग्लंडमधील क्वेफ कंपनीचा. पुढच्या चाकांच्या ओढीच्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात असते, म्हणून अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागला. क्राउन व्हीलचे रिव्हेट काढून तिथे बोल्ट आले, ते टॉर्क-पान्याने मोजून आवळले. बेअरिंग नवी, ऑइल सील नवी, तेल नवे. बेअरिंगवरचा दाब पातळ चकत्या घालून जुळवायचा असतो. तो चुकला तर गिअरबॉक्सच खराब होतो. काम तीन दिवस चालले. आयात शुल्कासह खर्च एका चांगल्या मोटारसायकलीच्या किमतीवर गेला.

पुढचे वळण

गाडी तयार झाल्यावर मी त्याच्या शेजारी बसून ताम्हिणीपर्यंत गेलो. पावसाची भुरभुर होती. पूर्वी अशा वळणातून निघताना आतले चाक किंचाळायचे, फलकावरचा पिवळा दिवा लुकलुकायचा. आता दोन्ही गेले. स्टिअरिंग हाताला थोडे ओढ देते, एवढाच बदल जाणवला. गाडी ओल्या रस्त्यावर अशी शांतपणे बाहेर पडली, की पुतण्याचा चेहरा उजळला. मी मात्र वेगाच्या काट्याकडे पाहत होतो. पूर्वी ज्या दगडापाशी तो चाळीसच्या वेगात असे, तिथे आज पन्नासवर होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. गाडीने जोर केल्याची कोणतीही खूण दिली नव्हती.

पुढे लगेच दुसरे वळण होते. चाळीसऐवजी पन्नास म्हणजे थांबवायची ऊर्जा दीडपटीहून अधिक. ती थांबवणारे ब्रेक जुनेच, रस्त्याला धरणारे टायर जुनेच. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ब्रेकचे अंतर एका वितीनेही कमी करीत नाही. रबराची पकडही वाढवीत नाही. असलेल्या पकडीचा पुरेपूर वापर तेवढा करते. एका वळणाच्या शेवटी मिळालेला वेग पुढच्या वळणाच्या तोंडाशी फेडावा लागतो. शिवाय पूर्वी घसरणारे आतले चाक चालकाला एक इशारा देत असे. तो इशाराही आता बंद झाला होता.

वहिनींना मी हेच सांगितले. गाडी सरळ आणि सुधी चालेल, हे खरे. ती जास्त पळेल, हेही खरे. सुरक्षित होईल की नाही, ते यंत्राच्या हातात नाही. म्हणून आधी उत्तम टायर, मग उत्तम ब्रेक आणि ते झाल्यावर हे. आमचा क्रम उलटा झाला होता, तो पुढच्याच महिन्यात सुधारला. विमा कंपनीला बदल लेखी कळवला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांत फेरबदलाला आडकाठी करते, तेव्हा असे काम करणाऱ्याने ते आधी वाचावे आणि आरटीओत विचारून घ्यावे.

पुतण्याला गाडीची खरी ताकद अजमावायची असेल, तर कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. तिथे समोरून एसटी येत नाही, शाळेची पोरे रस्ता ओलांडत नाहीत. घाटात मात्र त्याने वेगाचा काटा पाहत जावे. त्याच्या वडिलांच्या एसटीला साधेच डिफरन्शियल होते. मागच्या बाकांवर माणसे झोपलेली असत आणि त्यांची झोप मोडू नये, अशा बेताने ते वळण घेत. ती सवय कोणत्याही कंपनीच्या खोक्यात मिळत नाही. ती ज्याची त्यानेच लावून घ्यायची असते.